जुन्या लॅपटॉपसाठी घराचं वायफाय उघडं टाकू नका

साताऱ्यात आमच्या शेजारी एक काका राहतात. तीस वर्षं त्यांनी डीटीपीचं काम केलं. लग्नपत्रिका, स्मरणिका, गणपती मंडळांचे अहवाल, अधूनमधून एखाद्या दिवाळी अंकाची पानं. त्यांच्याकडे २०१० सालचा एक लॅपटॉप आहे. त्यात विंडोज ७, पानं मांडायचं पेजमेकर आणि मराठी मजकुरासाठी श्रीलिपी. जुन्या फाइली त्यातच नीट उघडतात, म्हणून तो त्यांनी जिवापाड जपलाय. गेल्या वर्षी घरी फायबर आलं, नवा राउटर लागला आणि या लॅपटॉपला वायफाय लागेनासं झालं. जोडणी करायला आलेल्या मुलाने थोडा वेळ खटपट केली आणि शेवटी राउटरमधला पासवर्डच काढून टाकला. लॅपटॉप लगेच जोडला गेला. काका मला म्हणाले, "बघ, आता पासवर्डची भानगडच नाही."

मला मात्र धस्स झालं. त्याच राउटरवर घरातले चार फोन होते, सूनबाईंचा ऑफिसचा लॅपटॉप होता, प्रिंटर होता. एका जुन्या यंत्राची अडचण सोडवताना या सगळ्यांचं दार उघडं पडलं होतं. असं पुष्कळ घरांत होतं, आणि करणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो. म्हणून हा विषय मुळापासून सांगावासा वाटतो. जुना लॅपटॉप नव्या वायफायशी का जुळत नाही, राउटरमधल्या डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए अशा आद्याक्षरांचा अर्थ काय आणि काय केलं म्हणजे लॅपटॉपही चालेल आणि घरही सुरक्षित राहील, ते पाहू.

उघड्या वायफायने नेमकं काय बिघडतं?

आधी एक भीती दूर करतो. वायफाय उघडं असलं म्हणून शेजारच्याला तुमचा यूपीआय पिन दिसत नाही. बँकेचं ॲप आणि बहुतेक संकेतस्थळं आपापला मजकूर स्वतःच सांकेतिक करून पाठवतात. ते कवच वायफायपासून वेगळं असतं. पण उरलेलं बरंच काही उघडं पडतं. तुम्ही कोणत्या संकेतस्थळांवर जाता ते बहुतेक वेळा कळतं. शेअर केलेली फोल्डरं आणि प्रिंटर दिसतात. राउटरचं लॉगिन पान समोर येतं, आणि त्याचा पासवर्ड पुष्कळ घरांत कारखान्यातून आला तोच असतो.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे तुमच्या जोडणीवरून दुसऱ्याने काहीही केलं तरी नोंद तुमच्या नावावर होते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घरापर्यंत पोहोचले, आणि तिथलं वायफाय उघडं असल्याचं पुढे आलं. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्त्यांवर फिरून उघडी वायफाय जाळी शोधण्याची मोहीमच काढली. म्हणजे हे आपल्याकडे, आपल्या ओळखीच्या वस्तीत घडून गेलेलं आहे.

डब्ल्यूईपी: एकाच रकमेची चूक

वायफायचं पहिलं मानक १९९७ साली आलं. त्यातल्या सुरक्षेचं नाव डब्ल्यूईपी. लोक त्याला 'वेप' म्हणतात. जुन्या राउटरमध्ये हा पर्याय अजून सापडतो. तुम्ही ठेवाल तो पासवर्ड बरोबर ५ किंवा बरोबर १३ अक्षरांचाच हवा असा हट्ट राउटर धरत असेल, तर समजा की तो डब्ल्यूईपी आहे.

त्यात चूक कुठे झाली ते साध्या बेरजेने समजतं. समजा मला दोन गुप्त आकडे पाठवायचे आहेत, २५ आणि ४०. दोन्हींत मी एक गुप्त रक्कम मिळवतो, ७०. बाहेर जातात ९५ आणि ११०. ऐकणाऱ्याला ७० माहीत नाही. पण त्याने ११० मधून ९५ वजा केले की उरतात १५, म्हणजे मूळ आकड्यांमधला खरा फरक. गुप्त रक्कम वजाबाकीत उडून गेली. आता त्याला पहिला आकडा २५ असणार एवढं कुठून तरी माहीत असेल, तर दुसरा आपोआप हातात आला. आणि वायफायवर असं 'माहीत असणं' फार सोपं असतं, कारण माहिती छोट्या पुडक्यांत (पॅकेट) जाते आणि प्रत्येक पुडक्याची सुरुवात ठरावीक साच्याची असते. पत्राच्या वर 'सप्रेम नमस्कार' असणार हे आधीच ठाऊक असावं, तसं.

म्हणून नियम असा की गुप्त रक्कम प्रत्येक वेळी वेगळी हवी. डब्ल्यूईपीने त्यासाठी प्रत्येक पुडक्याला एक क्रमांक दिला आणि तो पासवर्डाला जोडून रक्कम बनवली. पण त्या क्रमांकाला जागा दिली फक्त २४ बिट. म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ क्रमांक. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण ११ मेगाबिटच्या जाळ्यावर सतत वाहतूक चालू असेल तर साधारण पाच तासांत ते संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. शिवाय लॅपटॉपच्या आतली पुष्कळ वायफाय कार्डं चालू झाली की दर वेळी शून्यापासूनच मोजायला लागायची. तीच रक्कम, तीच बेरीज, पुन्हापुन्हा.

२००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी दाखवलं की दोष याहून खोल आहे. आत वापरलेली आरसी४ नावाची पद्धत काही विशिष्ट क्रमांकांवर खुद्द पासवर्डाचेच तुकडे सांडते. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी १३ अक्षरी डब्ल्यूईपी पासवर्ड एका मिनिटाच्या आत काढून दाखवला. तुम्ही ती १३ अक्षरं कितीही अवघड निवडा, काहीच फरक पडत नाही. म्हणून जुना लॅपटॉप डब्ल्यूईपीशिवाय दुसरं काही ओळखतच नसेल, तर त्याच्या आतल्या कार्डाचा नाद सोडा. पर्याय पुढे सांगतो.

डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२ आणि मधली टीकेआयपीची गल्ली

डब्ल्यूईपी कोसळलं तेव्हा लाखो कार्डं विकली गेलेली होती. त्यांच्यातली चिप आरसी४ वर बेतलेली. नवी, दणकट पद्धत चालवायची ताकद तिच्यात नव्हती. म्हणून २००३ मध्ये एक तात्पुरता उपाय आला: डब्ल्यूपीए, आणि त्याच्या आत टीकेआयपी. चिप तीच, पण प्रत्येक पुडक्यासाठी किल्ली नव्याने घुसळायची, आणि क्रमांकाची जागा २४ वरून ४८ बिटांवर न्यायची. जुन्या कार्डाचं सॉफ्टवेअर बदललं की भागायचं. ज्यांनी हे तयार केलं त्यांना ते काही वर्षांपुरतंच आहे हे पक्कं माहीत होतं. २००८ मध्ये त्यालाही तडे गेल्याचं जाहीर झालं.

कायमचा उपाय २००४ मध्ये आला: डब्ल्यूपीए२, आणि त्याच्या आत एईएस ही मजकूर सांकेतिक करायची नवी, दणकट पद्धत. काही ठिकाणी याच जोडीला सीसीएमपी असं नाव दिसतं. अर्थ तोच. आपल्या कामाची सगळ्यात महत्त्वाची तारीख म्हणजे मार्च २००६. त्या महिन्यापासून वायफायचं अधिकृत प्रमाणपत्र हवं असेल तर डब्ल्यूपीए२ येणं सक्तीचं झालं. म्हणजे २००६ च्या मध्यानंतर बनलेल्या लॅपटॉपचं कार्ड बहुधा एईएस चालवू शकतंच. तो जोडला जात नसेल तर खोट कार्डात नाही, सॉफ्टवेअरमध्ये किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. दुकानदार "नवा घ्या" म्हणाला म्हणून हजारो रुपये घालवण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

राउटरमध्ये आणखी एक पर्याय दिसतो, 'डब्ल्यूपीए-डब्ल्यूपीए२ मिश्र' किंवा 'टीकेआयपी अधिक एईएस'. सगळ्यांची सोय होईल म्हणून लोक तो निवडतात. निवडू नका. राउटर काही संदेश एकाच वेळी सगळ्या यंत्रांना पाठवतो, आणि ते सगळ्यांत कच्च्या यंत्रालाही कळावेत म्हणून कच्च्याच पद्धतीने, टीकेआयपीने पाठवतो. म्हणजे नव्या फोनलाही जुन्याच्या पंगतीत बसावं लागतं. शिवाय टीकेआयपीवर जोडलेल्या यंत्राचा वेग ५४ मेगाबिटच्या वर जात नाही. 'डब्ल्यूपीए२ पर्सनल, एईएस' असा एकेरी पर्याय असेल तोच घ्या.

लॅपटॉपला काय जमतं ते त्यालाच विचारा

विंडोज ७ किंवा त्यानंतरच्या विंडोजमध्ये काळी कमांड खिडकी उघडा आणि 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. पहिला शब्द पाच अक्षरी, एन-ई-टी-एस-एच. समोर येणाऱ्या लांबलचक यादीत ऑथेंटिकेशन आणि सायफर यांच्या जोड्या असतात. ऑथेंटिकेशन म्हणजे सुरक्षेचा प्रकार, सायफर म्हणजे सांकेतिक करायची पद्धत. त्यांत डब्ल्यूपीए२ पर्सनलसमोर सीसीएमपी दिसलं की निर्धास्त व्हा. त्याच यादीत रेडिओचे प्रकारही असतात. बी, जी, एन एवढेच दिसले आणि ए किंवा एसी नसले, तर बहुधा हे कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतं. त्याला ५ गिगाहर्ट्झचं जाळं कधीच दिसणार नाही, पासवर्ड कितीही बरोबर असला तरी. लिनक्सवर 'आयडब्ल्यू लिस्ट' ही आज्ञा हीच माहिती देते.

काकांच्या लॅपटॉपला विचारलं तर सीसीएमपी स्वच्छ दिसलं. म्हणजे पासवर्ड काढून टाकायची मुळात गरजच नव्हती. अडचण राउटरकडे होती.

राउटर फारच नवा असतो तेव्हा

२०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आलं. ते चांगलं आहे, आणि तुमच्या फोनला ते चालत असेल तर जरूर ठेवा. पण विंडोज ७ ला ते कळत नाही. विंडोज १० मध्येही ते २०१९ च्या आवृत्तीपासून आलं, आणि तेही कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, साथ देत असेल तरच. राउटर केवळ डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुन्या लॅपटॉपला जाळ्याचं नाव दिसतं, पण जोडणी होत नाही. 'डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र' ठेवलं तर नियमाने चालायला हवं. तरीही राउटर आपल्या जाळ्याची जी घोषणा हवेत सतत करत असतो, तिच्यातल्या अनोळखी गोष्टींनी काही जुने ड्रायव्हर गोंधळतात. पीएमएफ नावाची सेटिंग असेल तर ती 'रिक्वायर्ड' वरून 'ऑप्शनल' किंवा 'केपेबल' वर आणून पाहा.

दुसरं कारण याहून चकवणारं आहे. राउटर वायफाय ६ या नव्या पिढीचा असेल तर काही जुन्या कार्डांना जाळं दिसतच नाही. इंटेलच्या एकेकाळी घरोघरी असलेल्या काही कार्डांचे जुने ड्रायव्हर वायफाय ६ ची घोषणा ऐकूनच गप्प बसायचे. इंटेलने त्यासाठी नवे ड्रायव्हर काढले. तुमच्या कार्डासाठी ड्रायव्हर मिळत नसेल तर राउटरमध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्झची पद्धत 'बी-जी-एन' वर ठेवा. ५ गिगाहर्ट्झला हात लावू नका. फोन तिकडे वेगाने चालत राहतील. आणि चॅनेल १२ किंवा १३ वर असेल तर ते १, ६ किंवा ११ वर आणा. अमेरिकी बाजारासाठी बनलेली कार्डं वरचे दोन चॅनेल ऐकतच नाहीत, आणि परदेशातून भावाने किंवा भाच्याने आणलेले लॅपटॉप आपल्याकडे काही कमी नाहीत.

लॅपटॉपसाठी वेगळी ओसरी

घरी आलेल्या अनोळखी माणसाला आपण ओसरीवर बसवतो, थेट माजघरात नेत नाही. राउटरमधलं 'गेस्ट नेटवर्क' म्हणजे ती ओसरी. बहुतेक राउटरमध्ये ते असतं, आणि त्यावरच्या यंत्राला इंटरनेट मिळतं, पण घरातले फोन आणि प्रिंटर दिसत नाहीत. पुष्कळ राउटरमध्ये त्याची सुरक्षा पद्धतही वेगळी निवडता येते.

जुन्या लॅपटॉपसाठी माझ्या मते हाच सगळ्यात चांगला मार्ग आहे, आणि त्याचं कारण एनक्रिप्शनच्या, म्हणजे मजकूर सांकेतिक करण्याच्या, पलीकडचं आहे. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला, एक्सपीचा तर ८ एप्रिल २०१४ लाच. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हानहुफ आणि फ्रँक पिसेन्स या संशोधकांनी 'क्रॅक' नावाचा दोष उघड केला. डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणी होताना चार संदेशांची देवाणघेवाण होते. त्यातला तिसरा संदेश पुन्हा पाठवून यंत्राला वापरलेली किल्ली परत वापरायला लावता येत होतं. पुन्हा तीच रक्कम, तीच बेरीज. हा दोष मुख्यतः लॅपटॉप-फोनच्या बाजूचा होता, त्यामुळे नुसता राउटर नवा असून भागत नव्हतं. विंडोज ७ ला त्याची दुरुस्ती मिळाली, कारण तेव्हा ती जिवंत होती. म्हणून विंडोज ७ वर निदान मिळाले तेवढे सगळे अपडेट बसवलेले असावेत. आणि असं यंत्र ओसरीवर असावं, म्हणजे उद्या त्यात काही शिरलं तरी घरात पसरणार नाही.

एक्सपी अजून वापरत असाल तर डब्ल्यूपीए२ साठी सर्व्हिस पॅक ३ लागतो. सर्व्हिस पॅक २ वर वेगळी दुरुस्ती बसवावी लागायची. लॅपटॉप कंपनीचं वायफायचं सॉफ्टवेअर आणि विंडोजचं स्वतःचं, दोन्ही एकाच वेळी जाळं हाताळायला गेले की जोडणी लागते-तुटते. एकच चालू ठेवा. पण मनापासून सांगतो, एक्सपीचं यंत्र इंटरनेटपासून दूरच ठेवा आणि फाइली पेन ड्राइव्हने न्या.

कार्डच हतबल असेल तर? पाचशे-सातशे रुपयांत यूएसबीचं छोटं वायफाय अडॅप्टर मिळतं. घेण्याआधी खोक्यावर तुमच्या विंडोजचं नाव आहे ना ते बघा. लॅपटॉप राउटरजवळच वापरत असाल तर त्याहून सोपा उपाय म्हणजे केबल. आतलं कार्ड बदलणंही शक्य असतं, पण काही जुने थिंकपॅड अनोळखी कार्ड दिसलं की सुरूच होत नाहीत, तेव्हा आधी चौकशी करा.

पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर नको

हे आपल्याकडे इतकं सर्रास आहे की यावर थांबायलाच हवं. डब्ल्यूपीए२ चं जाळं फोडणारा माणूस तुमच्या दाराशी बसून एकेक पासवर्ड टाकत नाही. जोडणीच्या वेळची ती चार संदेशांची देवाणघेवाण तो हवेतून टिपून घेतो, घरी जातो आणि आपल्या संगणकावर निवांत अंदाज करतो. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो आणि दहा आकडी असतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. खेळांसाठी लोक घेतात तसं एखादं दमदार ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त अंदाज करू शकतं. हिशेब करा: चार हजार सेकंद, म्हणजे तासाभराच्या आसपास काम फत्ते. डब्ल्यूपीए२ आणि एईएस दोन्ही बिनचूक असूनही.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. देवनागरी बहुतेक राउटर घेत नाहीत, पण मराठी शब्द रोमन लिपीत लिहिता येतात. एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच शब्द डोळे मिटून निवडा. उदाहरणार्थ उखळ, टमटम, पारिजात, सोलकढी, पंचांग. अर्थात इथे छापलेले हे पाच नकोत. गाण्याची ओळ, म्हण, देवाचं नाव, गावाचं नाव टाळा. ते अंदाज करणाऱ्याच्या यादीत आधीच असतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना असे शब्द पाठही पटकन होतात, हा माझा अनुभव आहे.

राउटरमध्ये डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडणी करायच्या सोयीचं, बटण किंवा पिन असेल तर ते बंद करा. त्या आठ आकडी पिनची तपासणी दोन तुकड्यांत होते, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते. हे २०११ पासून माहीत आहे. जाळ्याचं नाव लपवण्याच्या भानगडीत पडू नका. त्याने ऐकणारा थांबत नाही, उलट तुमचा लॅपटॉप जाईल तिथे त्या नावाने हाका मारत राहतो.

काकांकडे शेवटी काय केलं

मुख्य जाळं डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र, नव्या पासवर्डासह. २.४ गिगाहर्ट्झ बी-जी-एन वर. गेस्ट नेटवर्क वेगळ्या नावाने, डब्ल्यूपीए२ आणि एईएस, फक्त लॅपटॉपसाठी.

जमलं असं वाटत असतानाच थोड्या दिवसांनी काकांचा फोन आला, "अरे, परत लागेना." मी गेलो तर लॅपटॉप पडद्यावर सांगत होता की साठवलेली सेटिंग जाळ्याशी जुळत नाही. तो गेस्ट सोडून अजून मुख्य जाळ्याच्या मागे लागला होता, कारण ते उघडं असतानाची नोंद त्याच्याकडे जपलेली होती. विंडोज ७ जाळ्याचं नाव आणि सुरक्षेचा प्रकार दोन्ही लक्षात ठेवतं, आणि नंतर राउटर बदलला तरी जुनंच धरून बसतं. कंट्रोल पॅनेलमधल्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये 'मॅनेज वायरलेस नेटवर्क्स' उघडलं, जुनी नोंद पुसली, गेस्टच्या नोंदीत प्रकार डब्ल्यूपीए२ पर्सनल आणि एनक्रिप्शन एईएस असल्याची खात्री केली.

तारीखही तपासली, कारण जुन्या लॅपटॉपची आतली छोटी बॅटरी संपली की घड्याळ भलत्याच वर्षात जातं आणि वायफाय लागूनही संकेतस्थळं उघडत नाहीत. ती ठीक होती. काकांनी एका स्मरणिकेची पीडीएफ छापखान्याला मेल केली, आणि ते पाच शब्द चष्मा लावून आपल्या डायरीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतले.